धम्मशीला आणि खरखरणारी गिटार

सेलूच्या स्टेशन रोडवर चतुराबाईच्या चहाच्या टपरीला खेटून आठ बाय दहाचं एक दुकान आहे. पाटीवर अजून 'पंडित रेडिओज' असंच लिहिलेलं आहे. रेडिओ घेऊन कुणी यायचं तो जमाना गेला. आता मिक्सर येतात, टेबलफॅन येतात, लग्नाच्या मोसमात माईक आणि अँप्लीफायर येतात. पंडितरावांच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला, ते परभणीला मुलाकडं राहायला गेले, आणि दुकान त्यांच्या लेकीनं उघडं ठेवलं. ती धम्मशीला.

तिला या कामाची गोडी लहानपणीच लागली होती. बाबा तारांच्या जोडावर वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचे तेव्हा ती सोल्डरची तार धरून उभी राहायची. पुढं बाबांचे हात थरथरायला लागले, मग तारही तिची आणि डागही तिचाच झाला. नवरा, भारत, रेल्वेत गँगमन. तो सकाळी रुळावर जायचा, ही दुकानात यायची. दोन मुलं शाळेत. गावाला सवय व्हायला मात्र सात वर्षं लागली. काउंटरवर बाई बसलेली दिसली की माणसं आत डोकावून विचारायची, "बाबा न्हाईत का?" ती म्हणायची, "न्हाईत. काय बिघडलंय ते दाखवा." काही जण दाखवायचे. काही जण म्हणायचे, परत येतो.

एका वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी, एप्रिलच्या तेरा तारखेला, दुपारी अडीचच्या सुमाराला एक जीप दुकानासमोर कचकन थांबली. सकाळीच रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. सगळ्या स्टेशन रोडला लाईट नव्हती. वरचा पंखा थांबलेला, पत्रा तापलेला, आणि धम्मशीला वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली.

जीपमधून आधी एक मुलगी उतरली. तिच्या पाठीला काळ्या रेक्झिनच्या पिशवीत गिटार होती. मागून पांढऱ्या सफारीतला पन्नाशीचा माणूस उतरला. त्याला धम्मशीला ओळखत होती. तात्याराव. भीमगीतांच्या ऑर्केस्ट्राचे मालक, परभणीपासून जालन्यापर्यंत नाव असलेले.

"जयभीम ताई," मुलगी म्हणाली. "मी रेणुका, वालूरची. तात्यांच्या पार्टीत गिटार वाजवते. ही लय खरखरायलीय. पिन जरा हलली की आवाज जायलाय."

तात्यारावांनी दुकानात नजर फिरवली. "दुकानात कुणी माणूस न्हाई का?"

"मी हाय की."

"तसं न्हाई बाई. करणारा कुणी."

धम्मशीला उठली. रेणुकाच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि काउंटरवर आडवी ठेवली.

तात्याराव रागात होते आणि रागाला कारण होतं. चार दिवसांपूर्वी मानवतला भर कार्यक्रमात या गिटारनं असा कडकडाट केला होता की पुढच्या रांगेतल्या बायांनी कानांवर हात ठेवले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक जण ओरडला, पोरीच्या हातात दिल्यावर असंच व्हायचं. आज सहाला पाथरीत कार्यक्रम होता, आणि पहिल्या गाण्याची सुरुवातच एकट्या गिटारनं होती.

"हे बग," ते रेणुकाला म्हणाले, पण ऐकवत होते दोघींनाही. "चार वाजता जीप निघंल. मानवतच्या कीबोर्डवाल्याला मी थांबवून ठेवलंय. गिटार झाली तर झाली. न्हाई झाली तर तो येईल, अन् मग मला तुझी गरज न्हाई. आजपुरती न्हाई, कायमची."

रेणुकानं पिशवीची चेन उघडून गिटार बाहेर काढली. गिटारच्या तारांवर हात ठेवून उभी राहिली, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

खरं सांगायचं तर धम्मशीलानं आयुष्यात गिटार उघडली नव्हती. टीव्हीत पाहिलेली, लग्नाच्या स्टेजवर लांबून पाहिलेली, बस्स. हे सांगावं की नाही, असा विचार क्षणभर तिच्या मनात आला. मग ती सरळ म्हणाली, "गिटार मी पहिल्यांदाच उघडायलेय. पण माईकच्या पिना अन् सॉकेट शेकड्यानं केलेत. आत दोन तारांचा खेळ असंल तर मला जमंल. चालतंय का?"

"चालतंय," रेणुका म्हणाली. तात्यारावांनी खुर्ची ओढली आणि घड्याळ दिसेल असे बसले.

गिटारच्या अंगावर होडीच्या आकाराची एक चकचकीत पत्री होती, तिच्यात पिन घालायचं भोक. तेच तिचं आवाज बाहेर काढायचं तोंड. धम्मशीलानं बोट लावून पाहिलं. भोकाभोवतीचा नट सैल होता आणि आतला सगळा सॉकेट गरागरा फिरत होता. "कधीपासून फिरतंय हे?"

"दोन-तीन म्हैन्यांपासून. मी हातानंच आवळायची."

"वरून तू आवळायलीस, अन् आत तारा पिळल्या जायलेत."

पेचकसनं दोन स्क्रू काढले, पत्री अलगद उचलली. आधी कुणीतरी तिथं हात घातलेला होता. सुटलेल्या तारा डाग न देता गोंदानं चिकटवलेल्या होत्या. गोंद पिवळा पडून कडक झाला होता. पत्री दोन बोटं वर आली आणि दोन्ही तारा तटकन तुटल्या.

रेणुकानं श्वास आत ओढला. "तुटल्या?"

"तुटल्याच व्हत्या. गोंदानं धरल्या व्हत्या फक्त."

अडचण दुसरीच होती. दोन्ही तारा काळ्या होत्या. एक आवाजाची, एक अर्थची म्हणजे अर्थिंगची, आणि कुठली कुठली ते रंगावरून कळत नव्हतं. उलट्या जोडल्या तर गिटार नुसती गुणगुणत राहील. धम्मशीला तारांकडं बघत राहिली. माईकच्या अँप्लीफायरमध्ये अर्थ नेहमी डब्याच्या पत्र्याला जोडलेली असते. हिला पत्रा कुठंय? ही तर लाकडाची.

"तू वाजवताना तारांना हात लावलास की गुणगुण कमी व्हती का?" तिनं विचारलं.

रेणुका चमकली. "व्हती की. हात काढला की वाढती."

"मग वाजवायच्या तारा अर्थला जोडलेल्या असणार. ते आवाजाचं बटण पूर्ण फिरव, आवाज मोठा कर."

रेणुकानं बटण फिरवलं. धम्मशीलानं, तार जुळलेली असली की वाजणाऱ्या मीटरचं एक टोक गिटारच्या जाड तारेवर ठेवलं, दुसरं एका काळ्या तारेला लावलं. मीटर गप्प. दुसऱ्या तारेला लावलं. पीं. तिनं त्या तारेला लाल दोऱ्याची गाठ मारली. ही अर्थ.

आता सॉकेट. त्याच्या आत पितळेची एक वाकडी जीभ असते, पिन घातली की ती पिनेच्या टोकाला घट्ट धरते. या जिभेचा ताण गेला होता. ती आत वाकवली की काम होणार होतं. सोपं काम, माईकच्या सॉकेटला तिनं किती वेळा केलेलं. तिनं पक्कड लावली आणि हळूच दाब दिला.

कट्.

जीभ मुळापासून तुटून काउंटरवर पडली.

टपरीवर चतुराबाईच्या स्टोव्हची फरफर तेवढी ऐकू येत होती. धम्मशीलाच्या कानशिलावरून घाम ओघळला. आधीच चिरलेली होती असं म्हणता आलं असतं. कदाचित ती चिरलेली असेलही. पण पक्कड तिच्या हातात होती.

"माझ्या हातून मोडली," ती म्हणाली.

तात्याराव उठले. खिशातून मोबाईल काढला. "बास झालं. मी फोन लावतो त्याला."

"तात्या, तीन वाजून दहा मिनिटं झालीत," धम्मशीला म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुमी चारची वेळ दिलीय. चारपर्यंत थांबा."

"अन् सॉकेट कुठून आणशील? परभणीहून?"

ते बरोबर बोलत होते. सेलूच्या बाजारात गिटारचं सामान कुठं मिळणार? लाईट नाही म्हणून अर्धी दुकानं बंद, उरलेली जयंतीच्या तयारीत. धम्मशीलाची नजर फळीवरून फिरली. प्लास्टिकचे सॉकेट होते डबाभर, पण ते त्या पत्रीच्या भोकात बसले नसते. मग तिचं लक्ष खाली गेलं. काउंटरखाली तिचा स्वतःचा अँप्लीफायर होता, ऑटोवर भोंगा लावून गावात दवंडी द्यायला ती भाड्यानं द्यायची तो. त्याला माईकसाठी दोन भोकं. दोन्हीचे सॉकेट पितळेचे, जुन्या घडणीचे, आणि पिन याच मापाची.

त्यातला एक निघाला तरी दुसऱ्यावर गिटार वाजवून बघता आली असती. अँप्लीफायर बॅटरीवर चालायचा, लाईट नसली तरी अडणार नव्हतं.

तिनं तो वर घेतला, झाकण उघडलं आणि डावीकडचा सॉकेट मोकळा केला. पत्रीच्या भोकात घातला. बसला. रेणुका पुढं झुकली होती, तिचा श्वास धम्मशीलाच्या हातावर येत होता.

"पोरी, थोडी मागं सर. सावली पडायलीय."

डाग द्यायला लाईट नव्हती. विजेवरची सोल्डर गन निरुपयोगी. पण खणात बाबांच्या वेळची एक सळई होती, टोकाला तांब्याचा ठोकळा असलेली, चुलीवर तापवायची. ती घेऊन धम्मशीला टपरीवर गेली.

"चतुरामावशी, जरा पातेलं उतरवा."

चतुराबाईनं साठीच्या वयात कितीतरी माणसं घाईत पाहिली होती. तिनं चेहऱ्याकडं एकदा बघितलं आणि उकळता चहा बाजूला ठेवला. धम्मशीलानं ठोकळा ज्योतीत धरला. लाल होऊ द्यायचा नाही. ज्योतीची कड हिरवट दिसायला लागली की काढायचा. थोडा आधी काढला तर कथील वितळत नाही, थोडा उशीर झाला तर ते पकडत नाही. हिरवी छटा दिसली. ती धावत दुकानात आली. तारा सॉकेटच्या पायांना आधीच अडकवलेल्या होत्या, डागाची पेस्ट लावलेली होती. एक डाग. ठोकळा निवायच्या आत दुसरा. दोन्ही डाग चकचकीत बसले.

मीटर लावून तपासलं. अर्थ वाजली. आवाजाच्या तारेपासून सॉकेटच्या जिभेपर्यंत, पीं. तिनं भोकामागं दातेरी वायसर घातला, म्हणजे पुन्हा सॉकेट फिरायला नको. नट पान्यानं आवळला. पत्री बसवली. स्क्रू मात्र लावले नाहीत. बाबा सांगायचे, वाजल्याशिवाय झाकायचं नाही.

तीन पस्तीस.

अँप्लीफायरला बॅटरी जोडली, भोंगा लावला, वायरची एक पिन अँप्लीफायरमध्ये, एक गिटारमध्ये. रेणुकानं पट्टा गळ्यात घातला. तिनं तारा छेडल्या.

काहीच नाही.

भोंग्यातून अँप्लीफायरची बारीक सूं सूं तेवढी येत होती. रेणुकानं पुन्हा छेडल्या, जोरात. लाकडावर तारांचा कोरडा टणटणाट झाला. भोंगा मुका.

तात्याराव बाहेर गेले. जीपपाशी उभं राहून ते मोबाईलवर नंबर शोधत होते ते आतून दिसत होतं. रेणुकानं पट्टा काढला नाही. खाली मान घालून एवढंच म्हणाली, "ताई, तुमी केलं तेवढं लय झालं."

"थांब."

धम्मशीलाला वाटलं, बाबांना फोन लावावा. हात मोबाईलकडं गेलाही. पण बाबा काय सांगणार होते? त्यांना दिसत नाही, आणि त्यांनीही गिटार कधी उघडली नव्हती. तिनं हात मागं घेतला. मीटर सगळं बरोबर दाखवतंय आणि आवाज येत नाही. मीटर खोटं बोलत नाही. मग तपासताना आणि वाजवताना फरक काय?

फरक एकच. तपासताना पिन घातलेली नव्हती.

तिनं पत्री पुन्हा उचलली. पिन अर्धी बाहेर काढली आणि आत बघत बघत हळूहळू आत सरकवली. आणि तिला ते दिसलं. या सॉकेटला दोन नव्हे, तीन पाय होते. पिन आत गेली की जीभ वर उचलली जायची आणि तिसऱ्या पायापासून सुटायची. माईक लावला नसेल तेव्हा त्या वाटेनं दुसरं काहीतरी चालू ठेवायची ती सोय होती. घाईत तिनं आवाजाची तार त्या तिसऱ्या पायालाच डागली होती. पिन बाहेर असली की वाट चालू, पिन घातली की बंद.

"रेणुका, त्यांना सांग, पाचच मिनिटं."

रेणुका पळाली. धम्मशीला सळई घेऊन पुन्हा टपरीवर. चतुराबाईनं न विचारता पातेलं उतरवलं. या वेळी ठोकळा तापायला जन्म गेला असं वाटलं. बाहेरून तात्यारावांचा आवाज येत होता, "हां, निघायची तयारी ठेव, मी सांगतो दोन मिनिटांत." ज्योतीला हिरवी कड आली. ती वळली. तिसऱ्या पायावरची तार सोडवली, जिभेच्या पायावर धरली. तिनं मनगट काउंटरच्या कडेवर टेकवलं, श्वास रोखला आणि डाग दिला. फुंकर मारली नाही. फुंकर मारली की डाग कच्चा राहतो. मनात दहा मोजले.

"लाव."

रेणुकानं पिन घातली आणि डोळे मिटून तारेवर बोट ओढलं.

भोंगा असा गरजला की टपरीवरचं एक गिऱ्हाईक कपासकट उठलं. दवंडीचाच भोंगा तो, आवाज पातळ आणि पत्र्यासारखा, पण स्वच्छ. खरखर नाही, गुणगुण नाही. रेणुकानं पहिल्या गाण्याची सुरुवात वाजवली. धम्मशीला मध्येच पुढं झाली, पिन धरून इकडं तिकडं हलवली, ओढली, दाबली. आवाज जागचा हलला नाही.

तात्याराव दारात येऊन उभे राहिले होते. मोबाईल अजून कानाला होता. त्यात ते म्हणाले, "राहू दे रे. उद्या बोलू."

स्क्रू लावून झाले तेव्हा चारला तीन मिनिटं होती. धम्मशीला हात पुसत होती तेवढ्यात तात्याराव म्हणाले, "तुमी बी चला."

"मी?"

"इथं भोंग्यावर वाजली, ते ठीक. तिथं हजार माणूस असतंय. स्टेजवर बिघडली तर मी कुणाला बोलवू?"

तो मान होता की अविश्वास, हे तिला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. तिनं भारतला फोन करून मुलांचं सांगितलं, हत्यारांची पिशवी घेतली, कुलूप लावलं आणि जीपमध्ये मागं बसली. पाथरीच्या रस्त्यावर जीप प्रत्येक खड्ड्यात आदळायची आणि प्रत्येक धक्क्याला तिला वाटायचं, डाग सुटला. रेणुका गिटार मांडीवर घेऊन बसली होती. दोघी सगळ्या वाटेनं मिळून चार वाक्यं बोलल्या असतील.

मैदान भरलेलं होतं. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, लेकरं बापांच्या खांद्यावर. धम्मशीला स्टेजच्या बाजूला स्पीकरच्या आडोशाला उकिडवी बसली, पेचकस मुठीत. निवेदकानं नाव पुकारलं. रेणुका पुढं आली. मैदान गप्प झालं.

पहिला सूर निघाला. भरदार, गोल, मैदानाच्या टोकापर्यंत. भोंग्यातून ऐकला होता त्याच्याशी याचं काही नातंच नव्हतं. तिला वाटलं, आपण दुपारभर जिच्याशी झगडलो तिचा आवाज असा होता तर.

तिसऱ्या गाण्यात घात व्हायचा तो झाला. गायक पुढं आला आणि त्याचा पाय वायरवर पडला. वायरला हिसका बसला, गिटार रेणुकाच्या अंगावरून ओढली गेली आणि आवाज तुटला. धम्मशीला अर्धी उठली. रेणुकानं खाली पाहिलं. सॉकेट जाग्यावर होता, नट हललेला नव्हता. पिन अर्धी बाहेर आली होती एवढंच. तिनं तळव्यानं पिन आत ठोकली आणि पुढच्याच तालावर गाणं पकडलं. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल, ते तसंच बसवलेलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर तात्याराव स्टेजमागं आले. आभार मानायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "ताई, आमच्या साऊंडच्या मिक्सरची बी एक लाईन मरते मधूनच. बघाल का?" 'ताई' ऐकून रेणुका हसली. धम्मशीला म्हणाली, "दुकानात आणा. इथं अंधारात मी काही उघडणार न्हाई."

मिक्सर आला. त्याच्या मागून जिंतूरच्या एका पार्टीचा अँप्लीफायर आला, मग कुठल्या कुठल्या बँडवाल्यांचे माईक. धम्मशीलानं परभणीहून गिटारचे चार सॉकेट मागवून डब्यात ठेवले. गिटारी तशा वर्षात दोनच आल्या.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पहिल्या गुरुवारी, रेणुका वालूरहून एसटीनं आली. गिटार बरोबर नव्हती. "मला डाग द्यायला शिकवा," ती म्हणाली. "स्टेजवर दरवेळी तुमी कुठून येणार?" लाईट होती, सोल्डर गन तापलेली होती. धम्मशीलानं तिला दोन तारांचे तुकडे आणि एक जुना सॉकेट दिला. पहिला डाग बोराएवढा गोळा झाला, राखाडी, खडबडीत. रेणुकानं तो ओढून पाहिला. निघाला नाही, तेव्हा ती खूश झाली.

धम्मशीलानं नखानं डिवचला, डाग टक्कन सुटून आला.

"कच्चा हाय," ती म्हणाली. "आधी तार तापव. मग कथील आपोआप जातंय. पुन्हा कर."